लंबवर्तुळी यंत्र आणि घरचा व्यायाम

नवी मुंबई आंखतांना माणसानें पायीं चालावें हा विचार कोणी केलाच नव्हता, असें म्हणतां येणार नाहीं. १९७० सालीं सिडको ही संस्था स्थापन झाली आणि ठाणें खाडीच्या पूर्वेस वाशी, नेरूळ, बेलापूर अशीं उपनगरें एकामागून एक उभीं राहूं लागलीं. शाळा, बाजार आणि बाग हीं शक्यतों पायीं जाण्याजोग्या अंतरावर असावींत, अशी तेव्हां दृष्टि होती. १९९२ सालीं आगगाडी खाडी ओलांडून वाशीस पोंचली व वस्ती झपाट्यानें वाढली. आतां मात्र उंच इमारतींतील गृहस्थ पंधराव्या मजल्यावरून लिफ्टनें उतरतो, तळघरांत उभ्या केलेल्या मोटारींत बसतो, कचेरींत आठ तास खुर्चीवर काढतो आणि त्याच वाटेनें परत येतो. जिना हा त्याच्या लेखीं केवळ आगीच्या प्रसंगीं आठवावयाचा राहिला आहे. भाजी, किराणा, औषध सर्व दारांत येतें. पूर्वी जे श्रम न मागतां पदरांत पडत, ते आतां वेळ काढून व पैसे खर्चून मिळवावे लागतात.

अशा बैठ्या जीवनाचा परिणाम दाखविणारें एक जुनें उदाहरण मोठें बोलकें आहे. लंडन येथील डॉ. जेरेमी मॉरिस व त्यांचे सहकारी यांनीं तेथील दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी करून तिचे निष्कर्ष १९५३ सालीं प्रसिद्ध केले. गाडी हांकणारा ड्रायव्हर आणि तिकिटें देणारा कंडक्टर हे एकाच गाडीवरचे, एकाच धुरांतले. परंतु ड्रायव्हर दिवसभर बसून असे व कंडक्टर जिन्यावरून सारखी चढउतार करी. हृदयविकाराचें प्रमाण कंडक्टरांत कमी आढळलें. ह्या फरकाला दुसरींही कांहीं कारणें असावींत, अशी चर्चा पुढें झाली. तथापि शरीराच्या हालचालीचें महत्त्व नंतरच्या संशोधनानें अधिकच दृढ केलें. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीवरून २०२३ सालीं देशांतील मधुमेह्यांची संख्या १० कोटींच्या वर असावी, असा अंदाज प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलेलें प्रमाण असें कीं, प्रौढ माणसानें आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, व शिवाय दोन दिवस स्नायूंना बळकटी आणणारा कांहीं व्यायाम करावा. रोजचा हिशेब केला तर हें निदान वीस-बावीस मिनिटांचें काम आहे.

ह्यासाठीं यंत्र पाहिजेच काय? मुळींच नाहीं. ज्याचे पाय धड आहेत आणि ज्याला मोकळी वाट मिळते, त्यानें चालावें. नेरूळच्या तलावाभोंवतालची वाट किंवा खारघरचें सेंट्रल पार्क येथें सकाळीं चालणाऱ्यांची गर्दी असते, ती उगीच नाहीं. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं प्रजेला व शाळांतील मुलांना सूर्यनमस्कारांचें वळण लावलें. त्याला तर एका सतरंजीपलीकडे कांहींच सामान लागत नाहीं. परंतु प्रत्येकाची अडचण निराळी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोंकणपट्टीचा पाऊस चालण्याच्या नेमाला खंड पाडतो. घरांतील स्त्रीला मोकळा वेळ मिळतो तो पुष्कळदां भर दुपारीं किंवा रात्रीं नऊनंतर. ज्याचे गुडघे दुखतात, त्याला सूर्यनमस्कारांतील वांकणें जड जातें आणि कठीण फरसबंदीवर भरभर चालणेंही सोसत नाहीं. अशा घरांत यंत्राचा विचार येतो, आणि अलीकडे जीं यंत्रें घराघरांत शिरलीं आहेत, त्यांत इलिप्टिकल ट्रेनर नांवाचें यंत्र बरेंच पुढें आहे.

ह्या नांवाचा अर्थ शाळेंतील भूमितींत सांपडतो. इलिप्स म्हणजे लंबवर्तुळ. ह्या यंत्राच्या दोन पेडलांवर माणूस उभा राहतो, आणि पाय हलविले असतां प्रत्येक पेडल हवेंत एक लांबट वर्तुळ काढतें. तें कसें निघतें, हें समजण्यास सोपें आहे. पेडल ज्या लांब दांड्यावर बसविलेलें असतें, त्याचें एक टोंक चाकाला जोडलेलें असतें, म्हणून तें गोल फिरतें. दुसरें टोंक रुळांवर सरकतें किंवा झुलत्या दांड्याला टांगलेलें असतें, म्हणून तें केवळ पुढेंमागें जातें. एक टोंक गोल फिरत आहे व दुसरें सरळ रेषेंत जात आहे, अशा दांड्याच्या मधल्या बिंदूला दोन्ही चाली थोड्याथोड्या मिळतात; तो गोलही फिरत नाहीं व सरळही जात नाहीं, लंबवर्तुळासारखी वाट धरतो. चालतांना माणसाच्या पावलाची वाटही साधारण अशीच लांबट असते. प्रेकॉर ह्या अमेरिकन कंपनीनें १९९५ सालीं ह्या जातीचें यंत्र बाजारांत आणलें आणि तेव्हांपासून व्यायामशाळांत त्याचा प्रसार झाला.

ह्याचा खरा गुण असा कीं, पाऊल पेडलावरून उचललेंच जात नाहीं. धांवतांना शरीर क्षणभर हवेंत असतें व मग एका पायावर उतरतें. त्या क्षणीं जमिनीकडून पायावर येणारा दाब शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट होतो. लंबवर्तुळी यंत्रावर हा आघात नाहीं. छाती धपापते, घाम येतो, मांड्यांना व पोटऱ्यांना काम पडतें, हलते दांडे धरले तर खांद्यांनाही पडतें. पण गुडघ्याला धक्के बसत नाहींत. मात्र ह्याच गुणाच्या पोटीं एक उणीवही आहे. हाडें बळकट राहण्यास त्यांच्यावर थोडाफार भार व आघात पडावा लागतो. म्हणून उतारवयांतील स्त्रियांनीं हें यंत्र घेतलें म्हणजे सर्व झालें असें मानूं नये. जितकें सोसेल तितकें जमिनीवरचें चालणें व जिना चढणें ठेवावेंच.

येथवर सर्व ठीक. आतां निवडीचा प्रश्न येतो, आणि पुष्कळ घरांत चूक होते ती येथेंच. सामान्यतः दुकानांत जातो तो घरांतील कर्ता पुरुष किंवा नोकरीस लागलेला मुलगा. तो यंत्रावर चढून पाहतो, त्याला तें पसंत पडतें आणि यंत्र घरीं येतें. पण डॉक्टरांनीं व्यायाम सांगितलेला असतो तो आईला, जिची उंची जेमतेम पांच फूट व जिचे गुडघे दुखरे. मुलाच्या ढांगेचें यंत्र तिला फार मोठें होतें. दोन दिवस ती त्यावर ओढल्यासारखी पाय टाकते, तिसऱ्या दिवशीं कंबर धरते आणि पंधरा दिवसांनीं त्या दांड्यांवर ओले टॉवेल वाळूं लागतात. मग दोष दिला जातो आईच्या आळसाला. वस्तुतः दोष तिचा नसतो. चपला घेतांना ज्याचा पाय त्याला दुकानांत नेण्याची चाल आहे. ह्या यंत्राच्या बाबतींतही तीच पाळली पाहिजे. हें यंत्र कोण वापरणार, ह्याचें उत्तर ठरल्यावांचून पुढचा एकही आंकडा पाहण्यांत अर्थ नाहीं.

त्या आंकड्यांत सर्वांत महत्त्वाचा आंकडा ढांगेचा. पेडल अगदीं पुढें असतांना व अगदीं मागें असतांना त्या दोन जागांत जें आडवें अंतर पडतें, ती यंत्राची ढांग. शिकविणारे व विक्रेते ह्यांचा स्थूल नियम असा कीं, १६० सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या माणसाला ४० ते ४५ सेंटिमीटर, त्याहून उंच पण १७५ च्या आंतील माणसाला ४५ ते ५०, आणि त्यापुढें ५० किंवा अधिक ढांग सोयीची पडते. स्वस्त व आटोपशीर यंत्रांत ती पुष्कळदां ३० ते ३५ सेंटिमीटरच असते. त्यांवर चालल्यासारखें न वाटतां जागच्या जागीं पाय झाडल्यासारखें वाटतें आणि सारा भार मांडीच्या पुढच्या भागावर येतो. छापील पत्रकावर विसंबून न राहतां दुकानांतच पेडलाच्या टोंकाखालीं फरशीवर दोन खुणा करून मेजपट्टीनें अंतर मोजावें. पांच मिनिटांचें काम आहे. घरांत उंच व ठेंगणीं अशीं दोन्ही माणसें नेमानें वापरणार असतील, तर ढांग कमीजास्त करतां येणारें यंत्र पाहावें. तें महाग पडतें. तें परवडत नसेल, तर ज्याला व्यायामाची गरज अधिक, त्याचें माप धरावें. उंच माणसाला बाहेर धांवतां-चालतां येतें. दुखऱ्या गुडघ्याला दुसरा आसरा थोडा.

दुसरी गोष्ट दोन पेडलांमधील अंतराची. माणूस चालतो तेव्हां त्याचीं पाउलें एकमेकांच्या जवळून जातात. पेडलें फार फांकलेलीं असलीं, तर चाल बदकासारखी होते व तिचा ताण कंबरेच्या सांध्यावर आणि गुडघ्याच्या बाजूंवर येतो. म्हणून पेडलें जितकीं जवळ तितकीं बरीं. तीं रुंद असावींत व त्यांना कांठ असावेत, म्हणजे पाऊल निसटणार नाहीं. हलत्या दांड्यांखेरीज स्थिर मुठीही असाव्यात. तोल कमी असलेल्याला व चढतां-उतरतांना सर्वांनाच त्यांचा आधार लागतो.

तिसरी गोष्ट चाकाची व रोधाची. पेडलें ज्या जड चाकाला फिरवितात, त्याला फ्लायव्हील म्हणतात. चालींत जो एक अडखळण्याचा क्षण असतो, तो चाकाच्या सांठलेल्या वेगानें पार पडतो व हालचाल अखंड वाटते. विक्रेते ह्या चाकाच्या वजनाचा फार गाजावाजा करतात. परंतु वजन हें अर्धेंच सत्य आहे. चाकाचा वेग दुप्पट झाला कीं त्यांतील शक्ति चौपट होते. म्हणून पट्ट्याच्या योगें भरभर फिरणारें हलकें चाक सावकाश फिरणाऱ्या जड चाकाइतकेंच गुळगुळीत चालूं शकतें. ह्याची परीक्षा पत्रकांत नाहीं, पायांत आहे. अगदीं हळू चालवून पाहावें. जें यंत्र मंद गतींतही गचके देत नाहीं, तें चांगलें.

चाकाला रोध करण्याच्या दोन रीती आहेत. एकींत नमद्यासारखी गादी चाकाला घांसते; ती झिजते व आवाज करते. दुसऱ्या रीतींत लोहचुंबक चाकाजवळ येतो, पण त्याला शिवत नाहीं. धातूचें चाक चुंबकापुढून फिरूं लागलें म्हणजे त्यांत भोंवऱ्यासारखे विद्युत्‌प्रवाह उत्पन्न होतात व ते चाकाच्या गतीला विरोध करतात. फ्रेंच शास्त्रज्ञ फूको यांनीं १८५५ सालीं दाखविलेला हा चमत्कार आज घरच्या व्यायामाच्या कामीं येत आहे. चुंबकाचा रोध शांत असतो व घांसून झिजणारें त्यांत कांहीं नसतें. म्हणून घरासाठीं हीच जात घ्यावी. कळ हातानें फिरवून चुंबक जवळ आणणारें साधें यंत्र वीज गेली तरी चालतें, आणि त्यांत बिघडण्यासारखें थोडें असतें.

यंत्राचें माप झालें, आतां खोलीचें. हें माप घेण्यांत लोक लांबी-रुंदी पाहतात व उंची विसरतात. लंबवर्तुळी यंत्रावर माणूस जमिनीवर उभा नसतो. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणें राहत्या खोलीची उंची निदान २.७५ मीटर असावी लागते, आणि पुष्कळ सदनिकांत ती त्याहून फारशी अधिक नसते. पेडल सर्वांत वर असतांना जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच आहे असें धरलें, तर १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचें डोकें २.१५ मीटरवर जातें. १८५ सेंटिमीटर उंच तरुणाचें डोकें २.३० मीटरवर जाईल. छताचा पंखा ३० सेंटिमीटर खालीं लोंबत असेल, तर त्याचीं पातीं २.४५ मीटरवर येतात. म्हणजे डोक्यांत व पात्यांत फक्त वीतभर अंतर उरतें, आणि घाम पुसावयास हात वर गेला कीं संपतें. म्हणून यंत्र पंख्याखालीं, तुळईखालीं किंवा माळ्याखालीं ठेवूं नये. वारा हवाच असेल तर भिंतीचा किंवा टेबलावरचा पंखा लावावा. भोंवतीं चहूंकडे हातभर मोकळी जागा ठेवावी, कारण पेडलें व दांडे यंत्राच्या सांगाड्याबाहेर येतात.

जमीन खचेल कीं काय, अशी शंका कित्येकांना येते. राहत्या खोल्यांची लादी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो चल भार धरून आंखण्याचा भारतीय मानकांचा नियम आहे. सत्तर किलोचें यंत्र व ऐंशी किलोचा माणूस मिळून सव्वा चौरस मीटरवर दीडशें किलो होतात. सुस्थितींतील इमारतीला त्याचें कांहीं नाहीं. जेथें छताचे पोपडे पडत आहेत व लोखंडी सळया गंजून उघड्या पडल्या आहेत, तेथें मात्र आधीं इमारतीची दुरुस्ती पाहावी. भारापेक्षां शेजारधर्माचा प्रश्न मोठा आहे. पहांटे साडेपांचला रुळांवर सरकणाऱ्या चाकांची घरघर खालच्या मजल्यावर झोपलेल्याच्या उशाशीं पोंचते. खालीं जाड रबरी चटई घातली तर ती बरीच कमी होते व फरशीही वांचते.

गॅलरींत जागा रिकामी आहे म्हणून यंत्र तेथें ठेवण्याचा मोह होतो, तो आवरावा. खाडीकांठची दमट, खारट हवा आणि पावसाचे शिंतोडे लोखंडाला एका पावसाळ्यांत गंज चढवितात. घरांतही घाम पडलेले भाग रोज कोरड्या फडक्यानें पुसावेत, रुळांवरील धूळ व केस काढावेत आणि महिन्यांतून एकदां पेंच आवळून पाहावेत. कुरकुर बहुधा सैल पेंचापासूनच सुरू होते. यंत्राच्या अंगावर वापरणाऱ्याच्या वजनाची मर्यादा लिहिलेली असते. आपल्या वजनाहून ती निदान वीस किलोंनीं अधिक असावी. विकत घेण्यापूर्वीं दुरुस्तीस माणूस कोठून येतो व पट्टा, चाकें यांसारखे सुटे भाग मिळतात किंवा नाहीं, हें विचारून घ्यावें. यंत्र लिफ्टमध्यें व खोलीच्या दारांतून जातें किंवा कसें, हेंही आधींच मोजावें.

खरी परीक्षा मात्र दुकानांतल्या दोन मिनिटांची नव्हे. ज्याच्यासाठीं यंत्र, त्यानें व्यायामाचे बूट घालून त्यावर निदान पंधरा मिनिटें चालावें. गुडघा, कंबर किंवा पाठ ह्यांत बोंच वाटली, तर तें यंत्र त्याचें नव्हे, मग किंमत कांहींही असो. बऱ्याच गृहसंकुलांत रहिवाशांसाठीं व्यायामशाळा असते. तेथें हेंच यंत्र असेल तर एक महिना नेमानें जाऊन पाहावें. महिनाभर ज्याचा नेम टिकला, त्यानें घरीं यंत्र आणण्यास हरकत नाहीं. ज्याचा टिकला नाहीं, त्यानें पैसे वांचले असें समजावें. जुनीं यंत्रें विकावयास निघतात त्यांतील कित्येक जवळजवळ न वापरलेलींच असतात. नीट पारखून घेतलें तर त्यांतही चांगला सौदा मिळतो.

यंत्र आल्यावर तें वापरण्याचीही एक रीत आहे. चढतांना जें पेडल खालीं असेल, त्यावर प्रथम पाऊल ठेवावें व स्थिर मूठ धरावी. वरच्या पेडलावर पाय दिला तर तें झपकन खालीं जातें. पाठ सरळ, नजर समोर, गुडघा किंचित् वांकलेला असावा. दांड्यांवर अंग टाकून चालणें म्हणजे श्रमाची चोरी होय. पहिलीं पांच मिनिटें अगदीं सावकाश, मग थोडा वेग, शेवटीं पुन्हां सावकाश. आरंभ दहा मिनिटांपासून करून दर आठवड्यास दोन-तीन मिनिटें वाढवावींत. श्रमाचें माप सोपें आहे: चालतां चालतां बोलतां यावें, पण गातां येऊं नये. पाऊल सारखें पेडलाला टेंकून राहत असल्यामुळें बोटांना मुंग्या येतात. अधूनमधून बोटें हलवावींत व बुटाच्या नाड्या थोड्या सैल ठेवाव्यात. मधुमेह्यांनीं तळव्यांची रोज पाहणी करावी. हृदयाचा विकार, छातींत कळ, वाढलेला रक्तदाब किंवा चक्कर ह्यांपैकीं कांहीं असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून आरंभ करूं नये. आणि ज्याचा तोल जातो, त्यानें ह्याऐवजीं बसून चालविण्याची पाठीला टेका असलेली सायकल घ्यावी. घरांत लहान मूल असेल तर यंत्र असलेल्या खोलीचें दार लावावें. माणूस उतरल्यावरही चाक क्षणभर फिरत राहतें आणि लहान बोटें नको तेथें जातात.

यंत्राच्या पुढच्या तबकडीवर खर्च झालेल्या उष्मांकांचा आंकडा उमटतो. त्या तबकडीला माणसाचें वय, त्याचे स्नायू, त्याची संवय ह्यांची पुरी माहिती नसते; ती केवळ अंदाज बांधते, आणि तो अंदाज सहसा उदार असतो. त्या भरवशावर दुसरी जिलेबी घेऊं नये. आठवड्यांत किती दिवस व किती मिनिटें चाललें, एवढाच आंकडा कॅलेंडरवर लिहावा. पहिल्या दिवशीं दहा मिनिटांत दम लागत होता व दोन महिन्यांनीं वीस मिनिटांनंतरही बोलतां येतें, हा हिशेब तबकडीपेक्षां खरा.

ह्या यंत्रांत जादू नाहीं. रुळांवर सरकणारे दोन दांडे, एक चाक आणि एक चुंबक, एवढाच त्याचा संसार. परंतु ज्या घरांत पाऊस, वेळ किंवा गुडघे ह्यांनीं चालण्याची वाट अडविली आहे, त्या घरांत तें बंद पडलेली वाट पुन्हां मोकळी करूं शकतें. त्यासाठीं यंत्राचें माप मागाहून घ्यावें. आधीं माणसाचें घ्यावें. आणि तें माणूस म्हणजे दुकानांत गेलेला ग्राहक नव्हे, तर ज्याला उद्यां सकाळीं त्या पेडलांवर उभें राहावयाचें आहे तो, किंवा बहुधा ती.